केराबाईनं मांडलेलं घर

सिदू धनगरानं आख्ख्या फुटपाथला सांगून टाकलं होतं, "औंदा लेकीचं पहिलं बाळंतपण म्हायेरात! सरकारी खोली मिळतीया आपल्याला!" एवढं बोलून गप बसला असता तर तो सिदू कसला? मोहोळला लेकीकडं, तानाबाईकडं, 'निघून ये' म्हणून सांगावाही धाडून मोकळा!

बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली, तसा सिदू बायकोला, केराबाईला, घेऊन सोलापुरात आला आणि गिरणीच्या भिंतीला पत्रा टेकवून राहिला. आता बेघरांना खोल्या द्यायच्या म्हणून सरकारी साहेब त्यांच्या राहत्या जागा बघायला येणार होता. झालं! केराबाईच्या अंगात वारं भरलं.

"साहेब दारात येणार, आन आपण असं उकिरड्यावानी बसायचं व्हय? काय म्हणंल त्यो?"

तिनं जमीन सारवली, रांगोळी घातली, भिंतीला चुना फासला. समोरच्या विणकरांच्या काशम्माकडनं खाट, कपबशा आणि पडद्याला नवीकोरी चादर मागून आणली. सिदूनं तेलाच्या डब्यात तुळस लावली. काय ती जागा, काय तिचा थाट!

साहेब आला. खाटेवर बसला, बशीतनं चहा प्याला, खूश झाला.

"वा! घर छान ठेवलंय तुम्ही!"

"मग! आमची केरा लई टापटिपीची हाय!" सिदूची छाती फुगली.

"पडदा, खाट, कपबशा... सगळं आहे की! अहो, खोल्या बेघरांसाठी आहेत. तुमचं तर चांगलं घर आहे. तुम्हाला नाही मिळायची." साहेब उठून जीपकडं निघाला.

सिदू धोतर सावरत मागं पळाला. "साहेब, खाट काशम्माची हाय! चादर बी तिचीच! आमचं काय बी न्हाय हो!"

"आत्ता तर फुशारकी मारत होता!" साहेब हसला. जीप गेली.

खाट परत नेताना काशम्मानं डोळ्याला पदर लावला. त्या दिवशी केराबाईनं चूल काही पेटवली नाही.

दुसऱ्या दिवशी उलटा सांगावा जायच्या आत तानाबाईच यष्टीतनं उतरून समोर उभी! अवघडलेली, हातात बोचकं, पण चेहरा कसा फुललेला.

"आबा, आपली खोली कुटं हाय?"

केराबाईनं भिंतीकडं तोंड फिरवलं. सिदूनं पत्र्याकडं बोट केलं.

"हीच की, पोरी. चांगलं घर हाय म्हणून साहेबानं सोता सांगितलंय!"