सरकारी खोंड

"नोकरी नसली म्हणून काय झालं? नोकरीवाला दिसायला खर्च कितीसा येतो!" सोमाजीमामांनी मांडीवर थाप मारली. "एक पांढरा शर्ट, खिशाला एक पेन, आन तोंड बंद! संपत, तू फकस्त तोंड बंद ठेव. बाकी समदं माझ्यावर सोड. आज पोरगी पक्की नाय केली, तर मिशी उतरवीन!"

मामांना मिशी नव्हती. संपतच्या हे तेव्हाच ध्यानात यायला पाहिजे होतं.

संपत बेल्ह्याच्या बैलबाजारातला दलाल. विकणारा एका बाजूला, घेणारा दुसऱ्या बाजूला, आणि मधे उपरण्याखाली बोटं दाबत भाव जुळवणारा हा. चारचौघांत तोंडानं भाव बोलायचा नाही, ही बाजाराची रीत. बोट धरलं, पेर दाबलं, मान हलली की व्यवहार झाला. सही नाही, शिक्का नाही, आणि दिलेला शब्द संपतनं कधी फिरवला नाही. कमाईही चांगली. पण त्या वर्षी पाचवा वेतन आयोग लागला आणि जुन्नर-आंबेगावातल्या झाडून साऱ्या मुलींच्या बापांना एकदम साहेब जावई हवेसे झाले. संपत तिशी ओलांडून गेला, तरी त्याला कोणी पोरगी देईना.

आज अंगात घातलेला पांढरा शर्ट चुलतभावाचा. हा भाऊ विनाअनुदानित शाळेत मास्तर. पगार व्हायचा तेव्हा व्हायचा. गाडीत पेट्रोल संपतच्या पैशानं पडायचं. पण दोघं कुणाच्या दारात गेले की मास्तरला खुर्ची आणि संपतला पोतं! ज्याच्या अंगाला शेणाचा वास त्याला पोरगी नाही, ज्याच्या खिशाला शाईचा डाग त्याला वर हुंडा. असला आपला समाज! लाज वाटायला पाहिजे, पण ती वाटून घ्यायला कोण पुढं येतंय?

पोरगी डिंभ्याची, वैजयंता. फोटोत ती कॅमेऱ्याकडे अशी बघत होती, जणू फोटोवाल्यानं भाव पाडून सांगितलाय. संपतनं तो फोटो बघितला आणि गडी खलास! आता लग्न करायचं तर हिच्याशीच. पण तिचे वडील भिमाजी म्हणे धरणावर साहेब. साहेबाची पोरगी बैलाच्या दलालाला कशी मिळणार? म्हणून मामांचा हा बेत. आजच्या दिवसापुरता संपत जुन्नरच्या कुठल्याशा हापिसात क्लार्क झाला होता.

पहिली माशी जीपपाशी शिंकली. त्या दिवशी रविवार, त्यात चतुर्थी. ठरवलेली जीप भाविकांना घेऊन पहाटेच लेण्याद्रीला पसार! एसटीचा भरवसा नाही. शेवटी दिलावरभाईचा टेम्पो काढावा लागला. तोच, ज्यात संपतची जनावरं जायची.

"पर माझ्या टेम्पोत तुझंच खोंड हाय," दिलावर म्हणाला. "घोडेगावात पोचवायचंय ना?"

"वाटंतच हाय. उतरवू आन पुढं जाऊ!" मामा म्हणाले.

घोडेगावात खोंड घेणाऱ्याच्या दाराला कुलूप! शेजारीण म्हणाली, "मालक व्हय? ते सासुरवाडीला गेल्यात. खोंड आता नगं, म्हणून सांगून गेल्यात."

झालं! नवरा मुलगा, मामा, ड्रायव्हर आणि एक पांढरंशुभ्र खोंड अशी वरात डिंभ्याला भिमाजींच्या अंगणात येऊन थांबली. शर्टाला गवत, बुटाला शेण, आणि वासाचं तर विचारूच नका. संपतनं खिशातलं पेन तेवढं सरळ केलं.

भिमाजी ओट्यावर उभे होते. इस्त्रीची पॅन्ट, खोचलेला शर्ट, आणि खांद्यावर उपरणं! पॅन्टीवर उपरणं घेणारा साहेब संपतनं जन्मात पाहिला नव्हता. पण त्याला बोलायची बंदी होती.

"या पावणं, या!" भिमाजी म्हणाले. तेवढ्यात टेम्पोतून जोरात डुरकणी ऐकू आली. "आन ह्ये काय?"

"ह्ये व्हय?" मामांनी टेम्पोकडे बघितलं. "ह्ये सरकारी हाय! योजनेतलं! आमच्या क्लार्कसाहेबांकडंच हाय ना योजना. सुट्टी असली तरी कामच!"

"मामा," दिलावरनं विचारलं, "आपलं खोंड सरकारी कधी झालं?"

मामांनी त्याच्या पायावर पाय दिला. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. कुंपणापलीकडे धुणं वाळत घालणाऱ्या बाईनं ओलं लुगडं तसंच टाकलं आणि ती गल्लीत पळाली. "अगं बया! सरकारी खोंडं वाटायला साहेब आल्यात!"

पाहुण्यांना पाणी मिळायच्या आत अंगण भरलं. कुणी रेशनकार्ड आणलं, कुणी सातबारा, कुणी मतदानाचं ओळखपत्र. एकानं तर पोराचा शाळा सोडल्याचा दाखलाच आणला. राहू द्या, कशालाही काहीही लागतं! कुणीतरी शेजारून हाताची खुर्ची उचलून आणली आणि संपतला धरून तिच्यात बसवलं.

खुर्ची! ज्याला जन्मभर पोतं मिळालं त्याला खुर्ची! आणि कशासाठी? खरं बोलून पोट भरणाऱ्याला नाही हो मिळाली. थाप मारणाऱ्याला मिळाली! घटकाभर संपतला बरं वाटलं, नाही कसं म्हणावं? मग गर्दीतून गेणभाऊ पुढं आले. संपतच्या आज्याच्या वयाचे. धरणात जमीन गेलेले. ते सरळ वाकले आणि संपतच्या शेणानं भरलेल्या बुटाला हात लावून म्हणाले, "साहेब, माझं नाव तेवढं वर घ्या."

संपत खुर्चीतून असा उठला, जणू खाली निखारा ठेवलाय. "आजोबा, उठा! पाया काय पडताय!"

"मग नाव लिहिताय ना?"

सांगून टाकावं तर पोरगी जाते. न सांगावं तर ह्या म्हाताऱ्याला फसवल्याचं पाप. संपतनं वर पाहिलं, तर दारात वैजयंता. हातात पोह्यांचा ट्रे, आणि डोळ्यांत फोटोतलीच नजर.

"क्लार्कसाहेब, योजनेचं नाव काय व्हो?" तिनं विचारलं.

"नाव... म्हंजी... ती..."

"शासकीय खोंड कल्याण योजना!" मामा ओरडले.

"म्हंजी कल्याण खोंडाचं करायचं का माणसाचं?"

लोक खदाखदा हसले. आणि त्या हसण्यानं, का कुणीतरी टेम्पोचं फळकुट काढून जनावर जवळून बघायचा हट्ट धरल्यानं, देव जाणे, खोंड बिथरलं! टेम्पोतून उडी मारून ते सरळ गर्दीत घुसलं. रेशनकार्डं उडाली. बाया किंचाळत पांगल्या. योजनेचे अर्धे लाभार्थी गोठ्याच्या पत्र्यावर! मामा ज्या खुर्चीवर चढले तिचा एक पाय मोडका निघाला.

"हो रं राजा! होऽऽ!" संपत पेन, शर्ट, नोकरी सगळं विसरून धावला. त्यानं वेसण धरली, मानेखाली हात फिरवला आणि जनावराच्या कानाशी तोंड नेऊन कुजबुजू लागला. खोंड थरथरलं, आणि उभं राहिलं.

आणि मग संपतला दिसलं. पलीकडच्या बाजूनं कुणीतरी शिंग धरलं होतं. इस्त्रीची पॅन्ट चिखलात, पण हाताला कंप नाही. त्या हाताचा अंगठा खोंडाच्या ओठाच्या कडेनं अलगद आत गेला, ओठ वर उचलला गेला, दात बघून झाले आणि हात बाहेरही आला. साहेब असे दात बघत नाहीत! साहेब जनावराकडे नाकाला रुमाल लावून बघतात!

"दोन दाती," भिमाजी आपल्याशीच पुटपुटले. "पाठ सरळ. खूर काळं."

आणि त्यांच्याही नकळत खांद्यावरचं उपरणं घसरून संपतच्या हातावर आलं. उपरण्याखाली भिमाजींनी संपतची बोटं धरली. एक पेर दाबलं. संपतची मान आपोआप हलली, नाही म्हणून. भिमाजींनी बोट बदललं. संपतनं त्यांचं दुसरं पेर दाबलं.

मग दोघेही एकदम गार! दोघांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं.

"क्लार्क?" भिमाजी हळूच म्हणाले.

"साहेब?" संपत त्याहून हळू म्हणाला.

"चाकणच्या बैलबाजारात दलाली करतोय. जलम गेला त्यात," भिमाजींनी मान खाली घातली. "पोरीला चांगलं स्थळ यावं म्हणून धरणावर साहेब झालो. तुमी?"

"बेल्हं."

"आरं तिच्या! तरीच म्हणलं, क्लार्कचा हात आन असा दाबतोय!"

"अण्णा!" मागून आवाज आला. वैजयंता ट्रे घेऊन पुढं आली होती. "उपरण्याखाली खोंडाचाच भाव चाललाय ना? का माझा बी?"

"खोंडाचाच गं बाय!"

"मंग ठीक. माझ्या वाटणीचं मी तोंडानं बोलन." ती संपतकडे वळली. "ह्या हातांवर दाव्याचे घट्टे हायेत, ते मला ट्रे आणतानाच दिसले. लग्नपत्रिकेत काय छापणार?"

संपतनं खिशातलं पेन काढून मामांच्या हातात दिलं. "बैलबाजारातला दलाल," तो म्हणाला. दिवसभरात पहिल्यांदाच श्वास पुरता आत गेला.

"आन अण्णांचं बी तेच छापायचं," वैजयंता म्हणाली. "तसं असंल तर माझी हरकत नाय. आन हुंड्याचं बोलायचं नाय. त्यो आपला धंदा नव्हं."

आतून तिची आई सोनीबाई पदरानं डोळे पुसत बाहेर आली. "सुटले बाई एकदाची! महिनाभर ह्यांच्या पॅन्टीला इस्त्री करून हात दुखलं माझं!"

राहता राहिले गोठ्याच्या पत्र्यावरचे लाभार्थी. त्यांना काय सांगायचं? खरं सांगावं म्हणून संपतनं तोंड उघडलं, तर भिमाजींनी त्याला मागं सारलं आणि ओट्यावर चढून जाहीर केलं, "मंडळी, योजना रद्द झाली!"

कुणी विचारलं नाही, का? कुणी विचारलं नाही, कधी? लोक गुपचूप पत्र्यावरून उतरले, रेशनकार्डं गोळा करून घरोघर गेले. योजना आली यावर दोघातिघांना शंका होती. रद्द झाली यावर सगळ्यांचा लगेच विश्वास बसला!

खोंड भिमाजींनीच घेतलं. भाव काय ठरला, ते उपरण्यालाच ठाऊक. परतीच्या वाटेवर दिलावर गाणं म्हणत होता, संपत टेम्पोच्या हौद्यात मोकळा वारा खात होता, आणि मामा सांगत होते, "बघ! म्हणलं नव्हतं, पक्की करतो?"

पत्रिका ठरल्याप्रमाणे छापली. दोन्हीकडे 'बैलबाजारातील दलाल', ठळक अक्षरात. काही नातेवाइकांनी नाकं मुरडली आणि जेवायला मात्र तीच मंडळी पहिल्या पंगतीला बसली.

लग्न लागायला आलं. अंतरपाटाच्या अलीकडे संपत ताठ उभा. आता कुणापासून काही लपवायचं नव्हतं. मंगलाष्टकं सुरू झाली. एवढ्यात मागून कुणीतरी कोटाची बाही ओढली. गेणभाऊ! हातात अक्षता, आणि खिशातून डोकावणारं रेशनकार्ड.

"साहेब," ते कानाशी लागले, "त्ये दलाल-बिलाल छापलंय, त्ये लोकांनी मागं लागू नये म्हणून, मला समजतंय. पण योजना परत चालू झाली की माझं नाव वर घ्या बरं का!"