तीस दिवसांत हाक न आल्यास

ज्या गोष्टीचा खर्च मोजता येत नाही ती जगात नसलेलीच बरी, यावर सर्व प्रगत कार्यालयांचे एकमत आहे. (फायदा मोजता आला नाही तरी चालते. तो पुढच्या वर्षी व्हायचा असतो.)

या तत्त्वाला अनुसरून त्या कार्यालयात एजंट बसवण्यात आला. एजंट म्हणजे टाय लावून येणारा गृहस्थ नव्हे. तो एक प्रोग्राम. कार्यालयाची सगळी कामे भाड्याच्या सर्व्हरांवर, तीनशे बारा कंटेनरांत चालत. कंटेनर म्हणजे डबाच म्हणा ना, एका डब्यात एक काम. प्रत्येक डब्यात डोकावून कोण किती खातो, कोण नुसताच बसतो याची टिपणे काढायची आणि सलग तीस दिवस नुसता बसलेला डबा अदबीने बंद करायचा, ही एजंटची सेवा.

तो बसवण्याचे काम ताईंकडे आले. नऊ वर्षे हे डबे त्याच सांभाळत होत्या. अडलेल्या यंत्रालाही ‘जरा दमानं हं’ म्हणणाऱ्या ताईंनी एका दुपारीत एजंटची सर्वत्र स्थापना केली. सव्विसाव्या दिवशी पहिला अहवाल आला तो असा:

एकूण बचत : अकरा टक्के.
एजंटचा स्वतःचा खर्च : चौदा टक्के. (हा खर्च नव्हे, गुंतवणूक. म्हणून शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात.)
सर्वांत आळशी डबा : क्रमांक सात. वापर शून्य. उरलेले दिवस चार.

ताईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचले. क्रमांक सात म्हणजे ‘हाक’. कार्यालयाचा सारा धंदा तोच. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या गळ्यात एक बटण असायचे. ते दाबले की सात नंबर जागा होऊन जवळच्या परिचारिकेला फोन जोडून देई. बाकीचे तीनशे अकरा डबे त्या बटणाची बिले काढत, जाहिराती पाठवत आणि बटणाबद्दल आपण किती समाधानी आहात, असे विचारत. ते सतत कामात असत, त्यामुळे एजंटचे त्यांच्याविषयी मत फार चांगले होते.

अशी एकशे चौदा बटणे. त्यातले एक ताईंच्या वडिलांच्या गळ्यात. (प्रत्यक्षात शर्टाबरोबर खिळ्याला.)

“साहेब, सात नंबर बंद झाला तर म्हाताऱ्या माणसांनी बटण दाबून उपयोग काय?”

“पण दाबतंय कोण, ताई?”

“पडल्यावर दाबतील ना.”

“मग पडू देत, आपण लगेच सुरू करू. आणि अगदीच वाटत असेल तर सूट समितीकडे अर्ज टाका की!”

अर्जाची पोच तिसऱ्या दिवशी आली. समिती पंचेचाळीस दिवसांनी बसणार होती. (एजंट काढून टाकता येईल का, असेही ताईंनी विचारून पाहिले. तशी शिफारस फक्त एजंटच करू शकत होता.)

संध्याकाळी ताई वडिलांकडे गेल्या. ते नेहमीप्रमाणे घरभर फिरून दिवे मालवत होते.

“बाबा, तुम्ही बटण कधीच कसं दाबत नाही हो?”

“मला काय धाड भरलीय?”

“उद्या बंद होणार आहे ते.”

“बरोबरच आहे. महिनाभर कुणी वापरलं नाही तर चालू कशाला ठेवायचं? शहाणं आहे तुमचं यंत्र. तू स्वयंपाकघरातला दिवा तसाच ठेवून आलीस ना?”

ताई दिवा बंद करून आल्या. वाद घातला नाही. खिळ्यावरचे बटण काढून त्यांच्या गळ्यात घातले आणि शेजारी बसल्या.

“बाबा, एक नेम धरा. माझ्यासाठी. रोज पाच वाजता एकदा दाबायचं.”

“आणि त्या बाईला सांगू काय?”

“सांगा, बरा आहे.”

“बरा आहे हे सांगायला माणसं बोलवायची? येडा म्हणतील मला.”

“म्हणू देत.”

दुसऱ्या दिवशी पाचला हाक गेली आणि सात नंबर जगला. परिचारिका पोट धरून हसली, पण तिने ही गोष्ट बाकीच्या आजी-आजोबांनाही सांगितली. दहा दिवसांत पाचच्या ठोक्याला एकशे चौदा हाका येऊ लागल्या. (नव्वद जण बरे होते. तेवीस जणांनी गुडघ्यांची सविस्तर माहिती दिली. एका आजींनी परिचारिकेच्या लग्नाचे काय झाले ते विचारले.) एजंटने सात नंबरला ‘आदर्श डबा’ ठरवले. प्रशस्तिपत्र साहेबांना मिळाले.

मग एका मंगळवारी एकशे तेराच हाका आल्या.

पाच वाजून दहा मिनिटांनी परिचारिकेला चैन पडेना. ‘बरा आहे’ म्हणणारे आजोबा आज गप्प कसे? विसाव्या मिनिटाला ती शेजाऱ्यांकडची किल्ली घेऊन आत होती. ताईंचे वडील बाथरूममध्ये पडले होते. पाय मोडलेला, बटण खिळ्याला. (भिजून खराब होऊ नये म्हणून.) तासभर तसेच होते, पण शुद्धीवर होते. तिला पाहताच म्हणाले, “आलीस? तेवढा इथला दिवा बंद कर.”

त्या दिवशीच्या अहवालात एजंटने लिहिले : ‘क्रमांक सात. एक हाक कमी. बचत झाली. हीच दिशा कायम ठेवावी.’

ताईंनी तो कागद नीट घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि दवाखान्याकडे निघाल्या. रागावणे त्यांच्या स्वभावात नाही. शिवाय एजंटला नावे तरी कशी ठेवायची? तो बिचारा रोज मोजतो, पूर्ण तीस दिवस वाट पाहतो, वर चार दिवस आधी कळवतो. तुमच्या फोनमध्येही एक नंबर असेल, ‘ठीकच असतील, काही झालं तर करतील फोन’ म्हणून ठेवून दिलेला. शेवटचा कधी लावला होता, जरा बघा. घाई नाही. दिवस सावकाश मोजा.