सात नंबरचा बुर्रो

“यंदा कप आपलाच!” फिदेंसियोमास्तरांनी मिशीला पीळ देत जाहीर केलं आणि त्यांच्या बायकोने, ओतिलियाबाईंनी कपाळाला हात लावला.

मेक्सिकोतल्या ओतुंबा गावच्या जत्रेतली सजवलेल्या गाढवांची स्पर्धा! दोन वर्षं कप मास्तरांच्या थोरल्या बहिणीने, रेमेदिओसने पटकावला होता. शिवाय तो खिडकीत ठेवून ती रोज पुसायची. नेमकी भावजय रस्त्याने जाताना!

“अगं,” मास्तर म्हणाले, “गाढवाला आपण बुर्रो म्हणतो. तुझ्या इस्त्रीच्या टेबलाला? बुर्रो! सुताराच्या लाकूड कापायच्या घोडीला? बुर्रो! शिडीला? बुर्रो! का? निमूट ओझं वाहतो तो बुर्रो! सगळे बुर्रो एकाच बुर्रोवर लादू. परीक्षक वेडे होतील!”

“वेडं कोण झालंय ते दिसतंच आहे,” ओतिलियाबाई म्हणाल्या. पण कपापायी त्यांनी टेबल दिलं.

जत्रेच्या दिवशी चौकात मास्तरांनी आपल्या कानेला नावाच्या गाढवीवर शिडी, घोडी आणि सात नंबरची पाटी लावलेलं टेबल चढवलं. हेच भाषण परीक्षकांनाही ऐकवलं. टाळ्या पडल्या! बँड वाजला. कानेला दोन पावलं चालली आणि मधोमध फतकल मारून बसली.

मास्तरांनी गोंजारलं. गाजर दिलं. गाजर संपलं, बैठक मोडेना! परीक्षकांसमोरून जो जाणार नाही तो बाद, असा नियम. तेवढ्यात रेमेदिओसची गाढवी नवरीच्या वेषात ठुमकत गेली.

“बाळ, बसायची स्पर्धा पुढच्या वर्षी ठेवू हं!” रेमेदिओसने जाता जाता भावाला टोमणा मारला.

“अहो, काहीतरी करा ना!” ओतिलियाबाईंना रडू फुटलं. “वन्संच्या त्या खिडकीसमोरून आता मी जाऊ कशी?”

मास्तरांना राहवलं नाही. टेबल पाठीवर बांधलं, शिडी गळ्यात, घोडी खांद्यावर! हलकी झालेली कानेला टुणकन उठली आणि त्यांच्यामागे ऐटीत चालू लागली. मास्तर धापा टाकत परीक्षकांसमोरून गेले. चौक शिट्ट्यांनी दणाणला!

“पहिला क्रमांक, सात नंबरचा बुर्रो!”

“माझी हरकत आहे!” रेमेदिओस ओरडली. “सात नंबर माझ्या भावाच्या पाठीवर आहे! स्पर्धा बुर्रोंची आहे ना?”

“बाई, निमूट ओझं वाहतो तो बुर्रो, असं त्यांनीच तर सांगितलं,” परीक्षक गंभीरपणे म्हणाले. मग ओतिलियाबाईंकडे वळले. “घरीही वाहतात का हो?”

“वाहतात तर! बाजाराच्या पिशव्या, गॅसची टाकी, माझी आई... सगळं निमूट!”

झालं! विजेत्या बुर्रोसाठीचा लसूणघासाचा हार मास्तरांच्या गळ्यात पडला. कानेलाने तो तिथेच खायला घेतला.

कप आता ओतिलियाबाईंच्या खिडकीत असतो. रोज लखलखीत पुसलेला. कोण पुसतं, ते काय सांगायला हवं?