आधी घालून दाखवा, काका

परतवाड्याबाहेर, वीटभट्ट्यांच्या बाजूच्या वस्तीत, भर दुपारी दहा-बारा बायांसमोर मी माझाच जुना सफारी घालून उभा होतो. पोटावरची दोन बटणं लागत नव्हती. पुढ्यात कमरेवर हात ठेवून मंजू उभी.

"फिरा काका. मागून पाहू द्या."

फिरलो. करता काय!

"बगलेत उसवला हाय. असा घालून लग्नाले जान का तुमी?"

"नाही."

"मंग इथल्या मानसायनं काहून घालावा?" तिनं सफारीची घडी करून माझ्याच पिशवीत कोंबली. "शिवून आणा."

ही मंजू म्हणजे अमरावतीतल्या आमच्या शेजारच्या वकीलसाहेबांची एकुलती एक मुलगी. वय सव्वीस, वजन त्याहून फार जास्त नसावं. मेळघाटातून भट्टीवर कामाला उतरलेल्या कुटुंबांची लहान मुलं ती दिवसभर सांभाळते, संध्याकाळी त्यांच्या आयांना अक्षरं शिकवते, कोणाला दवाखान्यात नेते, कोणाच्या नवऱ्याला दम देते. इथपर्यंत ठीक होतं. पण ती राहतेही तिथंच, टिनाच्या खोलीत. मी एकदा म्हटलं, अगं, रोज बसनं ये-जा कर. तर म्हणते, "नळाले पानी कवा येते हेच ज्याले मालूम नाई, तो काय काम करन काका?"

आमच्या कॉलनीत दान म्हणजे कपाट रिकामं करायची संधी. मंजूनं तिची पार वाट लावली. कोणी काही दिलं, की पहिलं वाक्य ठरलेलं, "घालून दाखवा." एका डॉक्टरांना तुटक्या पट्ट्याच्या चपला घालून अंगणात दहा पावलं चालवलं. एका व्यापाऱ्यानं भोकं पडलेली मच्छरदाणी दिली, तर दिवेलागणीला त्याला तिच्यातच बसवलं. चार मिनिटांत तो माणूस नवी आणायला उठला. लोक चिडतात, नाही असं नाही. पण पुढच्या खेपेला कपडे इस्त्री करून देतात.

तिचा दुसरा कायदा सतरंजीचा. तिच्या खोलीत येईल त्यानं सतरंजीवर बसायचं. एकदा कोणी मोठे साहेब आले, तेही मांडी घालून बसले. माझे गुडघे आता साठीचे. समोरच्या भिंतीवर खिळ्याला एक घडीची लाकडी खुर्ची टांगलेली दिसायची, जुन्या ओढणीत गुंडाळून ठेवलेली.

"ती दे की काढून," मी म्हटलं.

"ते नाई काका. ते ठेवलेली हाय."

"कोणासाठी?"

"चहा घ्या. थंडा होऊन राहिला."

वकीलसाहेबांना तिचं हे वस्तीत राहणं अजिबात पसंत नव्हतं. ती निघाली त्या दिवशी ते म्हणाले होते, "दान करायचं तर घरात राहून कर. तिथं राहायला गेलीस तर मी त्या दारात पाय ठेवणार नाही." बायको आधीच गेलेली, घरात ही दोघंच. पोरगी वस्तीत गेली आणि माणूस शब्द धरून बसला. दोन वर्षं. रोज सकाळी गुडघ्यांना नीलगिरीचं तेल चोळत कंपाउंडच्या भिंतीवरून मला विचारायचे, "तिकडे थंडी कशी आहे हो?"

"तिकडे म्हणजे कुठे?" मी मुद्दाम विचारायचो. मग ते पेपर उघडायचे.

डिसेंबरात एक दिवस त्यांनी भिंतीवरून आपली लोकरी शाल पुढे केली. "तुमची म्हणून द्या. वाटायला नाही, तिलाच."

"घालून दाखवावी लागते, वकीलसाहेब."

"मग दाखवा तुम्ही."

गेलो. तिनं म्हणायच्या आत शाल पांघरून उभा राहिलो, वर गोल फिरूनही दाखवलं. मंजू काठ तपासायला जवळ आली आणि थबकली. शालीला नीलगिरीच्या तेलाचा वास होता.

"कोनाची हाय?"

"माझी."

"काका, खोटं तुमाले जमत नाई."

शालीचं टोक हातात धरून ती उभीच राहिली. मग तिनं शाल काढून नीट घडी केली आणि माझ्या पिशवीत ठेवली.

"ज्याची शाल, त्यानंच दाखवाची. नियम हाय."

"अगं, ते येणार नाहीत."

"मंग शाल बी नाई," ती म्हणाली, आणि पाणी आणायला म्हणून आत गेली ती बराच वेळ आलीच नाही.

घरी येऊन सांगितलं तर वकीलसाहेब भडकले. "ही चक्क अडवणूक झाली!" तीन दिवस ते मलाच जज्ज समजून बाजू मांडत होते. चौथ्या दिवशी सकाळी भिंतीवरून विचारलं, "परतवाड्याची पहिली बस किती वाजता?"

आम्ही पोचलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. वकीलसाहेब उंबऱ्याच्या बाहेर उभे राहिले आणि त्या उन्हात त्यांनी शाल पांघरली. बाया गोळा झाल्या. मंजू दारात आली.

"फिरा," ती म्हणाली.

उलटतपासणीत भल्याभल्यांना घाम फोडणारा हा माणूस मुकाट्यानं गोल फिरला. गुडघ्यामुळे जरा वेळ लागला.

"चालते," मंजू म्हणाली. तिनं शाल त्यांच्या खांद्यावरून काढली आणि भर उन्हात स्वतःच्या अंगाभोवती लपेटून घेतली. मग आत जाऊन तिनं खिळ्यावरची खुर्ची उतरवली, ओढणी सोडली, धूळ नव्हती तरी पुसली आणि उंबऱ्याच्या आत मांडली.

"बसा बाबा. खाली बसता येत नाही ना तुम्हाला."

वकीलसाहेबांनी खुर्चीकडे पाहिलं. मग उंबऱ्याकडे. चष्मा काढून पुसला, परत लावला आणि पाय आत टाकला.

मी सतरंजीवर बसलो. माझेही गुडघे दुखतात, हे त्या दिवशी कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि मीही तो विषय काढला नाही.