साय तेवढी कमाई

सुभेदार मोहित्यांनी तुमच्या घरी चहा घेतला आणि कप खाली ठेवताना ‘हं’ म्हटलं, की समजावं, तुमचं वार्षिक उत्पन्न ठरलं. त्यात पुढे तहसीलदारही फेरफार करू शकत नाहीत.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजात मी शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळते. माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून उभा राहिलेला एक निधी आहे, त्यातून गरजू मुलामुलींची फी भरली जाते. गरजू कोण हे ठरवायला उत्पन्नाचा दाखला लागतो. आणि दाखल्यांची गंमत अशी, की आमच्या फायली वाचल्या तर सांगली-सातारा पट्ट्यातले झाडून सगळे लोक सारखंच कमावतात. शिष्यवृत्तीच्या मर्यादेच्या बरोब्बर थोडंसं खाली! शेवटी ठरलं, की घरी जाऊन बघायचं. त्या कामाला फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार आकाराम मोहिते बिनपगारी आले आणि मुलींच्या घरी जाताना बाईमाणूस सोबत हवं म्हणून त्यांच्या स्कूटरच्या मागच्या सीटवर माझी नेमणूक झाली.

सुभेदार कोरेगावकडचे. सत्तरीला टेकलेत, पण पाठ अजून परेडवर असल्यासारखी. बायको वारली, मुलगा पुण्यात. स्कूटरला किक मारण्याआधी ते “मॅडम, तयार?” असं विचारतात. मी “तयार” म्हटल्याशिवाय किक बसत नाही. एकदा मी नुसती मान हलवली, तर दोन मिनिटं तसेच उभे राहिले. मागच्या माणसानं मान हलवलेली पुढच्याला दिसत नाही, हे माझ्या डोक्यात उशिरा शिरलं.

दाखला ते वाचत नाहीत. उजेडात धरतात, नोट तपासावी तसा, आणि फायलीत कोंबतात. “कागदाचं काय, कुणीबी पढवावा आन् बोलता करावा. चूल खोटं बोलत न्हाई, मॅडम.” चुलीची साक्ष म्हणजे चहा. त्यांच्या छोट्या वहीत प्रत्येक घराचे चार रकाने आहेत: दूध, साय, साखर, कप. चहावर साय धरली की उत्पन्न दाखल्यापेक्षा जास्त. चहा पाणचट असला की दाखला खरा. चहा कोरा असला की आधी गोठा बघायचा.

हे शास्त्र त्यांनी आईच्या हातच्या चहावरून काढलेलं. ती गोष्ट मी स्कूटरवर इतक्यांदा ऐकलीय की मधल्या खड्ड्यांसकट पाठ आहे. “आमची आई! मी रजेवर आलो की चहा असा घट्ट, की चमचा हुबा ऱ्हावा. वर ही साय! शेत कोरडवाहू, पर घरात कमी न्हवतं कशाचं. चहावरनंच कळायचं की वो, घर बरं चाललंय. मग मी बी निर्धास्त. पुढची मनीऑर्डर जरा हात राखूनच धाडायचो.” आणि मग ठसक्यात, “चहा म्हंजे घराचा रिपोर्ट.”

या शास्त्राला यशही आलंय, खोटं का बोला. इस्लामपूरजवळच्या एका ऊसवाल्याकडे आम्ही गेलो. दाखल्यावर मर्यादेखालचा आकडा. दारात ट्रॅक्टर, तो म्हणे पाहुण्यांचा. टवके उडालेल्या कपांत कोरा चहा आला. “म्हस आटलीया, आवं,” ते गृहस्थ कपाळाला हात लावून म्हणाले. त्याच क्षणी मागून दोन म्हशी एका सुरात ओरडल्या. सुभेदारांनी घोट घेतला. “आटलेल्या म्हशींचा आवाज लय भरदार हाय.” तेवढ्यात आतून कारभारीण ओरडली, “आवं, डेअरीची येळ झाली, दूध कवा नेताय?” सुभेदार ‘हं’ म्हणाले आणि आम्ही उठलो. परतताना ते इतके खूश होते की मला उसाचा रस पाजला.

या वर्षी मात्र अश्विनी लोहारच्या अर्जापाशी आमचं वाजलं.

अश्विनी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. वडील नाहीत. आई माधवनगरात यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरते. पोरगी हुशार, वर्गात पहिली. मदत मिळाली नाही तर कॉलेज सोडून आईशेजारी कांड्या भरायला बसणार, हे तिनं मला टेबलापाशी उभं राहून स्पष्ट सांगितलं होतं. रडली नाही. मलाच कसंतरी झालं.

आम्ही गेलो तर दीड खोलीचं घर, सारवल्यासारखं स्वच्छ. ट्रेमध्ये निळ्या फुलांचे एकसारखे कप, बशीत बिस्किटं. आणि चहा! घट्ट, दुधाळ, वर जाडसर साय. सुभेदारांनी घोट घेतला, कप खाली ठेवला आणि ‘हं’ म्हणाले.

गल्लीच्या तोंडाशी येताच मी भांडायला लागले. “अहो, घर बघितलंत ना? पत्र्याला भोकं आहेत!”

“पत्रा कुणीबी फोडंल. चहा बघितला न्हवं? म्हशीवालीच्या घरात असला चहा मिळंना.” वहीत लिहिलं, ‘दाखल्याशी मेळ न्हाई.’ संपला विषय.

चौकापर्यंत आलो आणि लक्षात आलं, दाखल्यांची फाईल लोहारांच्या घरीच राहिली. कागदाला किंमत न देणारा माणूस कागद विसरला, म्हणून मी मनातल्या मनात हसले आणि आम्ही माघारी फिरलो.

दार उघडंच होतं. मायलेकी जमिनीवर बसून स्टीलच्या पेल्यांतून चहा पीत होत्या. कोरा. निळ्या फुलांचे कप धुऊन ट्रेवर पालथे घातलेले. शेजारीण दारात उभी होती, तिची आमच्याकडे पाठ. ती ट्रे उचलत म्हणाली, “दूध उरलं असंल थोडं तर ऱ्हाऊ दे, पोरीला घाल.”

“न्हाई वैनी, सगळं पावण्यास्नीच घातलं,” अश्विनीची आई म्हणाली. “उद्या तुमच्या वाटणीच्या कांड्या मी भरती, म्हंजे फिटलं.”

मग त्यांनी आम्हाला पाहिलं. पेला पदराआड गेला. सुभेदारांनी फाईल घेतली, दोन्ही हात जोडले आणि बाहेर पडले. स्कूटरला किक मारली ती मला ‘तयार?’ न विचारता. मी अजून बसलेही नव्हते. ओरडून थांबवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी समितीची बैठक. प्राचार्य, सुभेदार आणि टिपणं काढायला मी. लोहारचा अर्ज आला तेव्हा सुभेदारांनी वही पुढे सरकवली. ‘मेळ न्हाई’ खोडलेलं होतं. खाली मोठ्या अक्षरांत नवा शेरा: ‘चहा घट्ट. साय जाड. कप शेजारचं, दूध शेजारचं. मदत पुरी द्यावी.’

प्राचार्यांनी चष्मा काढला. “सुभेदार, तुमच्याच नियमानं जाड साय म्हणजे उत्पन्न जास्त. इतकी वर्षं तेच सांगत आलात. आता उलटा पुरावा कुठून आणलात?”

सुभेदार उभे राहिले. सावधानमध्ये. पण आवाज परेडचा नव्हता.

“सर, माझ्या आईचा चहा तुमी ऐकलाय.”

“अनेकदा.”

“आमच्या दारात म्हस कवाच न्हवती, सर. शेळी बी न्हवती. मी रजेवर आलो की ते दूध कुठनं यायचं, हे मी तिला एकदा बी इचारलं न्हाई. कुणाच्या रानात तण भांगलून फेडत असंल, द्येव जाणे. मी साय बघायचो आन् मनीऑर्डर कमी करायचो. आता इचारायला ती न्हाई. ह्योच पुरावा.”

प्राचार्यांनी सही केली. मला टिपणात काय लिहावं कळेना. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते लपवायला मी फाईल उजेडात धरली. अश्विनीची फी भरली गेली.

आता स्कूटरच्या डिकीत एक थर्मास असतो. चहा सुभेदार स्वतः करतात, दूध रतिबाचं, आणि तो वाईट असतो, हे मी पिऊन सांगते. कुठल्याही घरी कुणी पदर खोचून, पातेलं घेऊन शेजारी निघाली की ते तिला उंबऱ्यावरच अडवतात. “बसा, आई. आज पावणा पाजतोय.” ती पंचविशीची असली तरी आईच. पहिला कप तिच्या हातात देतात आणि तिनं तो संपवल्याशिवाय वही उघडत नाहीत.