तळ्याच्या ओंडक्याची काठिण्यपातळी

घोड्यानं एखादा अडथळा ओलांडावा की नाही, हा प्रश्न वास्तविक घोड्यानं सोडवायचा असतो. आमच्याकडे तो समितीकडे सोपवण्यात आला.

मी क्रॉस-कंट्री शर्यतींचे मार्ग आखतो. म्हणजे उघड्या माळावर ओंडके रचायचे, खंदक खणायचे, तळ्याकाठी उतार काढायचा आणि घोडा स्वारासकट हे सगळं भरधाव पार करील अशी आशा बाळगून बाजूला उभं राहायचं. गेल्या मोसमात तळ्याच्या ओंडक्यापाशी एक स्वार घोड्याच्या आधी पाण्यात पोहोचला. त्याला काही झालं नाही. वर येऊन त्यानं तोंडातलं शेवाळ थुंकलं आणि "माझा घोडा कुठंय?" असं विचारलं. पण त्याचा फोटो छापून आला, आणि फोटो छापून आला की सुरक्षा समिती नेमायची, असा शिरस्ता आहे.

यंदाची शर्यत अव्वल श्रेणीची होती. ती पूर्ण केल्याशिवाय देशाच्या संघात निवड होत नाही, आणि माझ्या भाचीला त्या संघाखेरीज दुसरं काही दिसत नव्हतं. तिच्या घोडीचं नाव आत्याबाई. कारण तिला कुणाचंच काही पसंत पडत नाही.

समितीच्या बैठकीला निघालो आणि ताईचा फोन आला. "हे बघ, पोरीच्या केसाला धक्का लागला ना, तर माझ्या दारात पाऊल टाकायचं नाहीस."

"अगं ताई, मी काय मुद्दाम..."

तेवढ्यात भाचीनं फोन हिसकावला. "मामा, एक जरी ओंडका बुटका केलास ना, तर जन्मात बोलणार नाही तुझ्याशी. सोपा मार्ग म्हटला की श्रेणी गेली. श्रेणी गेली की मी घरी."

माझी पंचाईत झाली. समितीची मागणी तरी काय वेगळी होती? या दोघींच्या मागण्या तिथं एकाच खुर्चीत बसल्या होत्या, इतकंच.

"अडथळा संपूर्ण सुरक्षित हवा," अध्यक्ष म्हणाले, "मात्र काठिण्यात तसूभरही तडजोड होता कामा नये."

अध्यक्षांशेजारी सुरक्षा अधिकारी बसले होते. सगळे त्यांना हेल्मेटराव म्हणत, कारण ते बैठकीतही हेल्मेट काढत नसत. अंगात त्यांनी स्वारांचं हवेचं जाकीट घातलं होतं. या जाकिटाची दोरी खोगिराला बांधतात. स्वार खोगिरावरून उडाला की दोरीला हिसका बसतो आणि जाकीट फुगतं. हेल्मेटरावांनी ती खुर्चीला बांधली होती. चहा घ्यायला ते उठले आणि फाडकन आवाज होऊन फुग्यासारखे टम्म झाले. पुढची सगळी चर्चा त्यांनी हात आडवे ठेवून केली.

"ओंडक्याखाली तुटणारी खीळ असते," मी समजावू लागलो. "घोडा जोरात आपटला की ती तुटते, ओंडका गळून पडतो आणि घोडा कोलांटी खात नाही. मात्र खीळ तुटली की स्वाराला दंडाचे गुण."

"उत्तम! पण जोरात आपटेपर्यंत थांबायचं कशाला?" हेल्मेटराव म्हणाले. "हळू आपटला तरी तुटू दे की."

मी खीळ नाजूक केली. त्यांनी ती आणखी नाजूक करायला लावली. अखेर चाचणीसाठी आत्याबाईला आणलं. तिनं ओंडक्याकडे पाहून नाक फुरफुरवलं आणि ओंडका धप्पकन खाली आला. भाची अजून रिकिबीत पायच टाकत होती, तोवर तिच्या नावावर दंड जमा झाला.

मी कपाळाला हात लावला. अध्यक्षांना मात्र आनंदानं काय करू नि काय नको असं झालं. "म्हणजे एकाही स्वाराला निर्दोष फेरी करता येणार नाही! याहून कठीण मार्ग असेल का कुठं?"

"पण पडणारा ओंडका घोड्याच्या पायावर पडला तर?" हेल्मेटरावांनी शंका काढली.

शंका रास्त होती. म्हणून घोडे जवळ जाऊ नयेत यासाठी ओंडक्याभोवती कुंपण घालायचं ठरलं. पण घोडा कुंपणावरूनही उडी मारील! मग कुंपणाला तुटणारी खीळ आली. तेही पायावर पडेल म्हणून त्याच्याबाहेर आणखी एक कुंपण आलं. हे असंच चालू राहिलं असतं तर आम्ही शेजारच्या माळात पोहोचलो असतो. शेवटी अध्यक्षांनी सगळी कुंपणं रद्द केली आणि स्वारांसाठी सुरक्षित मार्ग आखला. तो तबेल्यातून निघून, वाहनतळाला वळसा घालून, पुन्हा तबेल्यात यायचा.

"अहो, मग उडी कुठं मारायची?" मी विचारलं.

"उडीचं दडपण महत्त्वाचं. ते स्वाराच्या मनात असतंच."

शर्यतीच्या दिवशी सगळे स्वार मुकाट्यानं गाड्यांमधून घोडे चालवत होते. एका स्वाराचा घोडा कुणाच्या तरी हॉर्नला बुजला, जागच्या जागी वळला आणि स्वार एका गाडीच्या टपावर जाऊन बसला. प्रेक्षक मात्र तिकडे नव्हतेच. ते सगळे गेल्या मोसमातला फोटो आठवून घडीच्या खुर्च्या मांडून तळ्याकाठी दाटीवाटीनं बसले होते. तिथून दुसरा कुठलाही अडथळा दिसत नव्हता.

भाची निघाली. वाहनतळाच्या वळणावर तिनं लगाम खेचला आणि आत्याबाईला सरळ तळ्याकडे घातलं. ओंडक्याच्या दोन्ही बाजूंचे झेंडे अजून जागेवर होते, म्हणजे नियमानं अडथळा अडथळाच होता. त्याची जुनी, भक्कम खीळही सकाळी परत बसवलेली होती. ती नजरचुकीनं बसवली गेली, असं मी नंतर समितीला सांगितलं.

प्रेक्षकांनी मोबाइल वर धरले. मी डोळे मिटून घेतले. मार्ग आखणाऱ्याला ते शोभत नाही, पण मामाला शोभतं. टापांचा आवाज थांबला, क्षणभर काहीच ऐकू आलं नाही, मग पाणी उडालं. डोळे उघडले तेव्हा आत्याबाई पलीकडचा काठ चढत होती आणि भाची तिच्या पाठीवर ताठ बसली होती. इतकी देखणी उडी मी आयुष्यात पाहिली नव्हती. म्हणजे तेव्हाही पाहिली नाहीच.

"हात्तिच्या!" प्रेक्षकांतून कुणीतरी म्हणालं. मोबाइल खाली आले आणि लोक खुर्च्या मिटू लागले.

संध्याकाळी समिती बसली. भाची बाहेर चिखलानं भरलेल्या बुटांत उभी होती.

"ती पडली का?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही," मी अभिमानानं म्हणालो.

"मग अडथळा कठीण होता, असं कशावरून?"

"आणि पडली असती तर?"

"तर तो असुरक्षित ठरला असता. फेरी बाद."

निवड झाली ती गाडीच्या टपावर बसलेल्या स्वाराची. तो पडला होता, म्हणजे मार्ग कठीण होता. त्याच्या वाटेत अडथळा एकही नव्हता, म्हणजे मार्ग सुरक्षित होता. दोन्ही अटी एकट्यानं पुऱ्या केल्याबद्दल अध्यक्षांनी त्याची पाठ थोपटली. हेल्मेटराव गहिवरून उठले आणि पुन्हा फुगले.

भाची आत्याबाईच्या मानेत तोंड खुपसून ढसाढसा रडली. पोर धड घरी आली म्हणून ताईनं मला मिठी मारली. मला मात्र पोरीकडे बघवेना.

तुम्ही आता समितीला शिव्या घालत असाल. खुशाल घाला. पण आत्याबाई तळ्याकडे वळली तेव्हा तुम्ही जरा सावरून बसला होतात, ते काय ती पलीकडे पोहोचेल म्हणून? खरं सांगा, भाची पाण्यात पडली असती, तर ही गोष्ट तुम्ही आणखी चारजणांना ऐकवली असती.