काकूंना शिव्या कमी पडतात

आमच्या शेजारच्या कुसुमकाकू एके दिवशी व्हिडिओ गेमची डबी पर्समध्ये घालून यवतमाळच्या बसस्टँडजवळच्या दुकानात गेल्या आणि गेम परत घ्या म्हणाल्या. दुकानदाराने कारण विचारलं.

"याच्यात शिव्या कमी हाय," काकू म्हणाल्या.

दुकानदार पप्पूभाऊ हा त्यांचाच एकेकाळचा तिसरीतला विद्यार्थी. पांढरा अंबाडा, सुती पातळ आणि चष्म्याची दोरी अशा वेशातल्या आपल्या बाईंच्या तोंडून हे वाक्य ऐकून तो उठून उभाच राहिला. काकूंनी डबी उलटी करून त्याच्या नाकासमोर धरली. मागच्या चौकोनात इंग्रजीत इशारा छापला होता की या खेळात कडक भाषा आहे, पालकांनी जपून राहावे.

"वाच. काय लिहिलं हाय?"

"कडक भाषा, मॅडम."

"मंग कडक कुठं हाय? आठवडाभर खेळून राह्यली मी. एकच शब्द हाय, तोच घुमवून घुमवून वापरते मेले. पाकिटावर एक आन् आत एक, हे मले चालत नाई."

पप्पूभाऊने मुकाट्याने गेम बदलून दिला. तिसरीतल्या सवयी सहजी जात नाहीत.

मी काकूंच्या भिंतीला भिंत लावून राहतो आणि कॉलेजात इंग्रजी शिकवतो. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या नशिबी आल्यामुळे त्याच्यावर काय प्रसंग ओढवले ते पुढे येईलच. आधी काकूंविषयी सांगतो.

काकू जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होत्या. छापलेल्या शब्दावर त्यांचा विश्वास फार, आणि म्हणून रागही फार. तिखटाच्या पुडीवर 'अति तिखट' लिहिलेलं असेल तर त्या दुकानातच चिमूटभर जिभेवर ठेवणार, आणि डोळ्यांत पाणी आलं नाही तर पुडी परत. बिस्किटाच्या पुड्यावरच्या चित्रात काजू असेल तर आत काजू दिसला पाहिजे. लग्नपत्रिकेत सायंकाळी साडेसहाचा मुहूर्त असेल तर काकू सव्वासहाला पहिल्या रांगेत. आमच्याकडे त्या वेळी नवरदेव कुठल्या तरी चौकात घोड्यावर असतो आणि त्याचा मामा बँडपुढे नाचत असतो. एकदा काकू पत्रिका हातात घेऊन तडक वरातीत गेल्या आणि त्या मामाला त्यांनी वेळ वाचायला लावली. तो नाचता नाचता थांबला. बँडसुद्धा थांबला.

आता काकाजी. म्हणजे देवरावजी, काकूंचे यजमान, एसटीचे ड्रायव्हर. सगळी नोकरी त्यांनी यवतमाळ, मारेगाव, झरी जामणी या पट्ट्यात काढली, आणि शिव्यांसाठी त्यांचं नाव या पूर्ण पट्ट्यात होतं. जुने प्रवासी सांगतात की मारेगावपर्यंत काकाजी वऱ्हाडीत शिव्या देत, ट्रकवाल्यांसाठी हिंदी राखून ठेवत, आणि झरीचं जंगल लागलं की दोन-चार तिथल्या आदिवासींच्या कोलामीतल्याही काढत. आडवी आलेली म्हैससुद्धा आपल्या गावच्या भाषेत शिवी खाऊन बाजूला होई. कोणी राग धरत नसे. उलट काकाजींनी एखाद्याला शिवी न देता गाडीत घेतलं तर त्याला वाटे, आपलं काही चुकलं का.

अशा माणसाची गाठ देवाने कुसुमकाकूंशी घातली होती. त्यांचा नियम साधा होता: चपला आणि शिव्या दाराबाहेर. घरात एखादा शब्द निसटलाच तर काकू ताठ उभ्या राहून म्हणत, "असे शब्द तोंडातून काढू नयेत." एरवी त्या गावातल्या इतरांसारखंच वऱ्हाडी बोलतात, पण रागावल्या की थेट पाठ्यपुस्तकात शिरतात. काकाजी मग निमूट उठायचे. लाईट गेली की हा बाप्या अंधारात चाचपडत फाटकाबाहेर जायचा, वीजवाल्यांच्या सात पिढ्यांची विचारपूस करायचा, फाटकाची कडी लावायचा आणि आत येऊन बंद पंख्याखाली शांत बसायचा. आम्ही भिंतीपलीकडे हसून हसून लोटपोट व्हायचो.

एका बाबतीत मात्र काकाजी घरातही आवाज चढवत. काकू शाळेच्या उतारावरून स्कूटी बंद करून यायच्या, पेट्रोल वाचतं म्हणून. आमच्या गावात निम्मे लोक तसेच येतात. काकाजींना ते बघवायचं नाही. "इंजिन बंद करून उतार? गाडी हाय का घसरगुंडी?" असं दात आवळून म्हणायचे, आणि उरलेलं बोलायला फाटकाकडे चालू पडायचे.

मागच्या उन्हाळ्यात काकाजींना लकवा मारला. उजवा हात ढिला पडला, तो हळूहळू परत येतो आहे. वाचा मात्र गेली. त्यांना सगळं समजतं, डोळ्यांनी हो-नाही सांगतात, चहात साखर कमी पडली तर भुवईने कळवतात. पण तोंडातून शब्द फुटत नाही. लाईट आताही जाते. फाटक वाजत नाही. मला ती शांतता इतकी लागायची की एकदा मीच बाहेर जाऊन उभा राहिलो होतो.

बोटांना चालना मिळावी म्हणून व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरणीने बटणं दाबायला सांगितलं. त्यावर काकूंच्या भाच्याने नागपूरहून आपलं जुनं गेमचं यंत्र आणून टीव्हीला जोडून दिलं. काकाजी थोडा वेळ दाबायचे, बोटं थकली की काकू खेळायच्या आणि ते बघत बसायचे. इथवर सगळं सरळ होतं. पण मग काकूंचं लक्ष डब्यांच्या मागच्या इशाऱ्यांकडे गेलं.

आळीत बातमी पसरली की मॅडम शिव्यांच्या गेमविरुद्ध उठल्या आहेत. महिला मंडळाने तर शाल-श्रीफळाची तयारी केली. अध्यक्षीण बाई विचारायला आल्या, "मग असे गेम बंद करायले लावता ना?"

"बंद कायले?" काकू म्हणाल्या. "मले तर जास्तवाले पाहिजे. पण लेबलावर भरवसाच नाई राह्यला."

शाल परत गेली.

माझी पाळी त्यानंतर आली. गेममधले बंदूकवाले इंग्रजीत काय बोलतात ते सांगायला काकू मला बोलावून घ्यायच्या. खुर्ची टीव्हीसमोर. एका बाजूला काकाजी, दुसऱ्या बाजूला काकू, आणि मध्ये मी, दोन पदव्या घेऊन.

"हा आता काय म्हणाला, अविनाश?"

"तो... वैतागलाय, काकू."

"वैतागला हे मलेबी दिसून राह्यलं. शब्दाचा अर्थ सांग."

मी आढ्याकडे बघून अर्थ सांगितला. काकूंनी काकाजींच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. तिथे काही हललं नाही. "यात काय कडक हाय?" त्या म्हणाल्या आणि लाल पेनने डबीवर शंभरपैकी वीस मार्क दिले.

पुढे तो प्रकार वाढतच गेला. एका डबीवर चांगला ठळक इशारा, आत सगळे सैनिक देवळात आल्यासारखे बोलतात. दुसरीवर नुसती 'सौम्य भाषा', आणि आतला म्हातारा चाचा तोंड आवरत नाही. त्याला काकूंनी बासष्ट दिले. पप्पूभाऊच्या दुकानात गिऱ्हाइकं डबीवरचे मार्क बघून गेम मागायला लागली, आणि छापील इशारा कोणी वाचेनासं झालं.

मग दूरदूरचे लोक एकमेकांशी बोलत खेळतात असा एक मोटारींच्या शर्यतीचा गेम आला. डबी अगदी सोवळी, इशारा काही नाही. सुरू केल्याबरोबर हिंदी मुलखातल्या कोणी तरी काकूंच्या गाडीला मागून धडक दिली आणि वर अस्सल, रसरशीत शिवी हाणली. काकू हरखल्या. काकाजींची मान वळली! पण जित्याची खोड. काकूंनी माइक ओढला आणि म्हणाल्या, "कौन बोल रहा है? घर में कोई बड़ा नहीं है क्या?"

पलीकडून आवाज आला, "सॉरी आंटी." आणि तो गेलाच. त्याच्यामागे बाकीचेही सभ्य झाले. एकाने तर काकूंना आधी जायला वाट दिली.

"माह्यापुढं सगळेच सुधरते," काकू कपाळावर हात मारून म्हणाल्या. मला हसू आलं, पण त्यांना आलं नव्हतं.

त्याच आठवड्यात त्यांनी काकाजींचे जुने दोस्त घरी बोलावले. डेपोतले तिघं ड्रायव्हर, तिघंही तोंडाचे फाटके. घरात आल्याबरोबर तिघांनी "नमस्कार मॅडम" केला, खुर्चीच्या काठावर बसले आणि बशीतून चहा प्यायले. हवापाण्याविषयी बोलले. काकूंनी मध्येच उठून सांगितलं, "तुम्ही तुमच्या भाषेत बोला ना, मी आत जातो." त्या आत गेल्यावर तिघं आणखीच हळू बोलायला लागले.

ते गेल्यावर काकू फाटकाशी उभ्या राहिल्या होत्या. मी तिथेच होतो.

"काकू, हे चाललंय तरी काय?" मी विचारलं.

त्यांनी आधी कडीशी चाळा केला. "डॉक्टर म्हणाले का, असं वाचा गेलेल्या माणसाचं साधं बोलणं परत येत नाई लवकर. पण जे तोंडात घोटून घोटून बसलं असते ना, ते कधी कधी आधी येते. आकडे, आरती, नाई तर..." त्या थांबल्या. "आकडे म्हणून पाह्यले. आरती रोज म्हणतो मी. नाई आलं काही. आता राह्यलं तेवढंच राह्यलं."

"मग तुम्हीच एखादी..."

"देवघरात बसून प्रयत्न केला, अविनाश. खरंच केला. नाई निघत माह्या तोंडातून. यायच्या तोंडातलं मीच सारी जिंदगी दाराबाहेर काढलं, आन् आता मीच शोधून राह्यली." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "एक शब्द बोलले पाहिजे. कोणताबी."

मी तसाच आत गेलो, काकाजींसमोर उभा राहिलो आणि मला येत होती ती सर्वांत जहाल शिवी दिली. भीतीने ती इंग्रजीत निघाली. काकाजींनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि भुवईने चहा मागितला.

पुढच्या खेपेला काकू पप्पूभाऊला म्हणाल्या, "जाऊ दे बाबू, लेबल नाई पाहत आता. यायच्या बोटासाठी काहीबी दे." त्याने लहान मुलांचा बस चालवायचा गेम दिला. डबीवर हसरी पिवळी बस. तीन वर्षांपुढील सर्वांसाठी. आक्षेपार्ह काही नाही.

रविवारी दुपारी मी टीव्हीची सैल झालेली वायर बसवायला गेलो होतो. काकाजींनी बस स्टँडातून काढली, वळणं घेतली. बऱ्याच दिवसांनी त्यांचा चेहरा जागा दिसत होता. मग बोटं थकली आणि त्यांनी बटणं काकूंकडे दिली. पुढे घाट होता. बस माथ्यावर आली, समोर लांबच लांब उतार, मागे प्रवासी बसलेले. या गेममध्ये इंजिन बंद करायचंही बटण होतं. काकूंनी ते दाबलं.

"काय करता काकू?" मी म्हटलं.

"उतार हाय ना. कायले डिझेल जाळू फुकटचं?"

बस घसरत निघाली. वळण आलं, ब्रेक लागेना, प्रवासी किंचाळायला लागले. माझ्या शेजारी खुर्ची करकरली. काकाजी पुढे वाकले होते, मानेच्या शिरा तटतटल्या होत्या, तोंड वाकडं होऊन हलत होतं. आणि मग ती आली. अडखळत आली, अर्धी गिळून आली, पण यवतमाळ-झरी जामणी रस्त्यावरची तीच ती जुनी, घसघशीत शिवी. मी ती इथे लिहीत नाही. काकू वाचतात.

काकू ताडकन उठल्या. "असे शब्द तोंडातून काढू नयेत!"

टीव्हीवरची बस दरीत गेली. आपण काय बोललो ते काकूंच्या ध्यानात आलं आणि त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचंच तोंड दाबलं. इतक्या वर्षांत काकाजींनी त्यांचं हे वाक्य कधी मोडलं नव्हतं, आणि आताही ते ओठ मिटून बसले होते. सवयीने त्यांचे डोळे फाटकाकडे वळले.

काकू त्यांच्या पायाशी खाली बसल्या. तो ढिला हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला. "नाई हो, नाई," त्या रडत म्हणाल्या. "फाटकापर्यंत जायचं काम नाई आता. इथंच बोला. घरातच बोला."

काकाजींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग अर्ध्या तोंडाने हसले आणि पुन्हा बोलले. या वेळी जरा स्पष्ट.

तो गेम अजून पप्पूभाऊकडे परत गेलेला नाही. रोज दुपारी जेवणं झाली की काकू ती पिवळी बस घाटमाथ्यावर नेतात, काकाजींकडे एकदा बघून घेतात, आणि इंजिन बंद करतात.